चार चाकांची फटफटी शर्यतीतून बाहेर का पडतेय? जुनी एटीव्ही घेण्याआधी हे वाचा

जळगाव/धुळे : मोबाईलवर रील सरकवता सरकवता एखादी तरी दिसतेच. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखी सीट, हँडल आणि वाळू उडवत टेकाडावरून उडी मारणारा गडी. ही क्वाड बाईक. आपल्याकडे तिला एटीव्ही म्हणतात. पाचगणी, लोणावळा, अलिबागला पैसे देऊन तिच्यावर चक्कर मारून आलेले लोक आता प्रत्येक गावात निघतील. त्यानंतर काही पोरांच्या डोक्यात येतं, की एखादी जुनी घ्यावी आणि यात्रेत, नदीच्या वाळूत चकरीमागे पैसे घ्यावेत. घरचे विरोध करू लागले की पोरगं सांगतं, शेतात फवारणीलाही चालेल.

पैसे गुंतवण्याआधी एक गोष्ट माहीत पाहिजे. ज्या देशांत ही गाडी वाढली, तिथंच तिच्या शर्यतीचा बाजार उठत चाललाय.

जगातली सगळ्यात अवघड समजली जाणारी डाकार रॅली २०२० पासून सौदी अरबच्या वाळवंटात होते. या रॅलीत क्वाडचा वेगळा गट २००९ ला सुरू झाला. शेवटी शेवटी त्यात उतरणारे फार थोडे राहिले होते. २०२४ ला अर्जेंटिनाच्या मॅन्युएल अँदुहारने हा गट जिंकला आणि २०२५ च्या रॅलीत क्वाडचा गटच नव्हता. मोटारसायकली आहेत, कार आहेत, ट्रकही आहेत. क्वाड तेवढ्या गेल्या.

कंपन्यांचंही तसंच. २००४ ते २००८ या काळात अमेरिकेच्या बाजारात यामाहा, होंडा, सुझुकी, कावासाकी आणि केटीएम या सगळ्यांनी ४५० सीसीच्या शर्यती क्वाड आणल्या. मग २००८ ची मंदी आली. लोकांनी आधी हौसेच्या खर्चाला कात्री लावली. सुझुकी थांबली, कावासाकी थांबली, होंडाने २०१४ नंतर आपलं मॉडेल बंद केलं. मोठ्या जपानी कंपन्यांत यामाहा तेवढी टिकून राहिली.

मंदी हे एकच कारण नाही. खरं दुखणं गाडीच्या बांधणीत आहे.

बैलगाडीचं एकेक चाक आसावर मोकळं फिरतं. वळताना बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. ट्रॅक्टरला आणि कारला त्यासाठी डिफरेन्शियल असतं. स्पोर्ट क्वाडला ते नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच घट्ट आसावर सारखीच फिरतात. ट्रॅक्टरचं डिफरेन्शियल लॉक दाबलेलं असताना वळायला गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल. गाडी वळायला मागत नाही, सरळच ओढते. मोटारसायकल वळणात आत झुकते, क्वाड झुकत नाही. चालवणाऱ्यानेच सीटवरून सरकून सगळं अंग आतल्या बाजूला टाकायचं. नवख्या माणसाला हे सुचत नाही. तो मोटारसायकलवर बसतो तसा बसून राहतो आणि गाडी बाहेरच्या अंगावर उलटते. चार चाकं म्हणजे पडायची भीती नाही, ही समजूत इथंच मार खाते.

त्यात टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवावी लागते, म्हणून खड्ड्यातून गाडी चेंडूसारखी उसळते. मोटारसायकलवरून पडलं तर बहुतेक वेळा माणूस एकीकडे, गाडी एकीकडे. क्वाड मात्र गडगडत अंगावर येते. शर्यतीच्या क्वाडचंच वजन १८० किलोच्या आसपास, शेतकामाची तर ३०० किलोच्याही वर.

ऑस्ट्रेलियात मेंढपाळ आणि शेतकरी क्वाड रोजच्या कामाला वापरतात. तिथं शेतात क्वाड उलटून माणसं दबून मेली. म्हणून सरकारने ऑक्टोबर २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला उलटल्यावर माणसाला वाचवणारी कमान सक्तीची केली. अनेक मोठ्या कंपन्यांनी कमान बसवण्याऐवजी तिथला क्वाडचा धंदाच आवरता घेतला.

तोपर्यंत गिऱ्हाईकही दुसरीकडे वळलं होतं. यामाहाची रायनो आणि नंतर पोलारिसची आरझेडआर या गाड्या आल्या. त्यांना हँडलऐवजी स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन सीट, पट्टा आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा. बायको-पोरांना शेजारी बसवून टेकाडावर जाता येतं. ज्याला फक्त वेग पाहिजे, तो मोटोक्रॉसची मोटारसायकल घेतो. ती हलकी आणि स्वस्त. मधल्या मधे क्वाड अडकली.

लांब कशाला, धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर, सेंधवा करत वर गेलं की पुढे पिथमपूर लागतं. तिथल्या ट्रॅकवर २००७ पासून बाहा ही इंजिनिअरिंगच्या पोरांची स्पर्धा भरू लागली. कॉलेजची पोरं स्वतः एटीव्ही बनवून तीत उतरवतात. पण त्या गाड्यांनाही पिंजरा, पट्टा आणि स्टिअरिंगच असतं.

आता आपल्या बैलगाडा शर्यतीचं बघा. २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ती अडकली, ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. इतकी वर्षं कायद्याने अडवलेली शर्यत परवानगी मिळताच उभी राहिली, कारण बैल घरी होते. वखराला, गाड्याला, पोळ्याला ते लागतातच. (तेही कमी होताहेत. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गोवर्गीय नरांची संख्या जवळपास ३० टक्क्यांनी घटली. पण तो वेगळा विषय.) स्पोर्ट क्वाडवर कोणी सरसकट बंदी घातली नव्हती. शर्यत सोडली तर तिला दुसरं काम नाही, म्हणून हौस उतरली तशी ती कोपऱ्यात पडली.

आपल्याकडे यात कायद्याचा गुंता आहे तो वेगळाच. बंदिस्त आवारात चालवण्यापुरतीच बनवलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून सुटते. पर्यटनाच्या ठिकाणी एटीव्ही कुंपणाच्या आत फिरवतात ते म्हणूनच. नदीपात्र आणि यात्रेचं मैदान म्हणजे बंदिस्त आवार नव्हे. तिथं कोणीही येऊ शकतं. रस्त्यावर आणायची तर आरटीओ पासिंग पाहिजे, आणि पासिंग नाही तर विमा नाही. अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. अल्पवयीन पोराच्या हातात दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुनी मोटारसायकल कापून गावातच क्वाड बनवणाऱ्यांचीही सुटका नाही, विनापरवानगी फेरबदल हाही गुन्हाच.

रीतसर मार्गाने आलेली गाडीही होती. २०२० मध्ये पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ही क्वाड चक्क ट्रॅक्टर म्हणून पास करून भारतात आणली. तेव्हाची किंमत ७ लाख ९९ हजार, एक्स-शोरूम. तेवढ्यात औताचा मोठा ट्रॅक्टर दारात येत होता, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. आणि ती कामाची क्वाड होती, शर्यतीची नव्हे. फवारणीचा विचार असेल तर हा फरक आधी समजून घ्यावा. कामाच्या गाडीला सामान बांधायचं कॅरिअर आणि सावकाश ओढायचा लो गिअर असतो. रीलमधल्या गाडीला यातलं काही नसतं.

तरी कोणाला घ्यायचीच असेल, तर विकणाऱ्याकडे नव्या गाडीचे फॉर्म २१ आणि फॉर्म २२ मागावेत. जुनी असेल तर आरसी बुक बघावं. नुसतं पक्कं बिल दाखवत असेल तर ती कुंपणाच्या आतच फिरणारी गाडी समजायची. शिवाय मागच्या आसाचं बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट आणि टायर जळगाव किंवा धुळ्यात कुठं मिळतील, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. ज्या कंपनीने मॉडेलच बंद केलंय, तिच्या पार्टसाठी गाडी महिना-महिना शेडमध्ये उभी राहते.