काहीतरी उरणारच! (मूळ संख्यांच्या गोष्टी : 9)

गेल्या आठवड्यात चाळणी लावून आपण 100 पर्यंतच्या 25 मूळ संख्या वेगळ्या काढल्या. आज त्यांतल्या दोन-दोन घेऊन बेरीज 100 करू. 3 आणि 97, 11 आणि 89, 17 आणि 83, 29 आणि 71, 41 आणि 59, 47 आणि 53. सहा जोड्या मिळाल्या. मग 2 पेक्षा मोठ्या प्रत्येक सम संख्येला निदान एक तरी जोडी मिळतेच का?

7 जून 1742 ला गणितज्ञ गोल्डबाखनं मॉस्कोहून गणितज्ञ ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून हा प्रश्न निघाला. विधान खरं आहे याबद्दल ऑयलरला शंका नव्हती, पण सिद्ध करणं त्यालाही जमलं नाही. संगणकानं आता 4 वर 18 शून्यं इथपर्यंत पडताळा घेतला आहे. एकही सम संख्या बिनजोडीची निघाली नाही. सिद्धता मात्र अजून नाही.

प्रश्न शाळकरी मुलालाही कळतो, म्हणून हौशी माणसं त्याच्या नादी लागतात. चीनमध्ये तर लाटच आली. गणितज्ञ चेन जिंगरुन यांनी बीजिंगमध्ये सहा चौरस मीटरच्या खोलीत बसून दाखवलं होतं, की पुरेशी मोठी प्रत्येक सम संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक फार तर दोन मूळ संख्यांचा गुणाकार. याचं लाडकं नाव '1 + 2'. जानेवारी 1978 मध्ये लेखक श्यू ची यांनी त्यांच्यावर लेख लिहिला आणि चेन घरोघरी पोचले. उरलेलं '1 + 1', म्हणजे दोन्ही मूळ संख्याच, आपण सोडवू म्हणून देशभरातून वह्या येऊ लागल्या. एक अधिक एक दोन का होतात, हेच सिद्ध करायचं आहे, असाही अनेकांचा समज झाला.

पण ज्यांना प्रश्न नीट कळलेला असतो त्यांचं काय? त्यांचा युक्तिवाद बहुधा असा असतो. 98 घ्या. 1 व 97, 2 व 96 अशा जोड्या मांडा. दर तीन जोड्यांतल्या दोनांत 3 नं भाग जाणारी संख्या येते, म्हणून त्या कटतात, एक उरते. दर पाचांतल्या दोन 5 मुळे कटतात, तीन उरतात. पुढेही तसंच. प्रत्येक वेळी काही हिस्सा शिल्लक राहतो, आणि असे हिस्से कितीही गुणले तरी शून्य होत नाही. म्हणजे काहीतरी उरणारच!

मला हा युक्तिवाद मनापासून आवडतो. तो खोटा पडतो ती जागा बारीक आहे. वेगळ्या जोड्या आहेत 49, आणि 49 ला 3 नं भाग जात नाही, 5 नंही नाही. म्हणजे 'एक तृतीयांश उरल्या' हे जवळपास खरं, नेमकं नाही. ही कसर क्षुल्लक वाटते, पण दर नव्या मूळ संख्येगणिक हिशेबातली पदं दुप्पट होतात. संख्या मोठी झाली की कसरींची बेरीज शिल्लक जोड्यांपेक्षाही मोठी होऊ शकते. जोड्यांची संख्याही शिस्तीत वाढत नाही : 96 ला सात, 98 ला फक्त तीन.

वर्षानुवर्षं वही लिहिणाऱ्याला ही जागा बोट ठेवून दाखवणारं कुणी भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं. कसरी आवरायच्या युक्त्या चेन यांच्याकडे होत्या. तरी तेही '1 + 2' पाशी थांबले, कारण एकटी मूळ संख्या आणि दोन मूळ संख्यांचा गुणाकार यांतला फरक नुसत्या चाळणीला ओळखू येत नाही. का, ते पुढच्या आठवड्यात.