उमरिया–मनेंद्रगढ सागरी थर

भारताच्या द्वीपकल्पीय भागातील, पुराजीव महाकल्पातील सागरी अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेल्या) प्राण्यांचे जीवाश्म (शिळारूप झालेले अवशेष) असलेले थर. ते मध्य प्रदेशातील उमरिया व छत्तीसगढमधील मनेंद्रगढ या गावांजवळ आढळतात. पुराजीव महाकल्प सु. ५३.९ ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा असून हे थर त्याच्या शेवटच्या म्हणजे पर्मियन कल्पाच्या आरंभीचे आहेत. त्यांची जाडी अल्प व विस्तार मर्यादित आहे. तथापि द्वीपकल्पाचा हा भाग पुराजीव महाकल्पाच्या उत्तरार्धात सर्वस्वी भूमीच होता, ही दीर्घकाळ रूढ असलेली समजूत या थरांमुळे बदलावी लागली. यामुळे भारताच्या भूवैज्ञानिक इतिहासात त्यांना मोठे महत्त्व आहे.

हिमालयातील खडकांशी तुलना : पुराजीव महाकल्पातील सागरी खडक भारतात मुख्यत्वे हिमालयात आढळतात. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात कँब्रियन कल्पातील ट्रायलोबाइटांपासून पर्मियन कल्पातील ब्रॅकिओपॉडांपर्यंतचे जीवाश्म, मध्ये काही खंड पडलेले असले तरी, क्रमाने मिळतात. काश्मीरमध्ये श्रीनगरजवळील गुर्यूल येथे पर्मियन व त्यानंतरचा ट्रायासिक या कल्पांच्या सीमेवरील सागरी थर उघडे पडले आहेत. पाकिस्तानातील सॉल्ट रेंज (मिठाचे डोंगर) या डोंगररांगेतील प्रॉडक्टस चुनखडक तर जगप्रसिद्ध आहे. हे सर्व प्रदेश तत्कालीन भारतीय भूमीच्या उत्तरेकडील सागरतळावर किंवा त्याच्या काठावर होते. याउलट द्वीपकल्पात त्या काळातील जे खडक आहेत ते बहुतांशी गोंडवनी संघाचे, म्हणजे नद्यांत, सरोवरांत व हिमनद्यांमुळे साचलेले आहेत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस व इतर वनस्पतींचे जीवाश्म व दगडी कोळसा सापडतो. अशा खडकांच्या क्रमात सागरी शिंपांचा थर निघावा, ही अनपेक्षित गोष्ट होती.

शोध : रेवा संस्थानचे भूवैज्ञानिक के. पी. सिनोर यांना १९२१ मध्ये उमरियाजवळ लोहमार्गासाठी खोदलेल्या खिंडीत शिंपांनी भरलेला सु. ३ मी. जाडीचा थर आढळला. हे ठिकाण नागपूरच्या ईशान्येस सु. ३०० किमी. अंतरावर आहे. १९२८ मध्ये ई. आर. जी यांनी उमरिया कोळसाक्षेत्राचे भूवैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले व त्याच वर्षी एफ्. आर. काउपर रीड यांनी तेथील जीवाश्मांचे वर्णन केले. पुढे सु. पाव शतक हा थर एकाकीच राहिला. १९५४ मध्ये एस्. के. घोष यांनी उमरियाच्या पूर्वेस सु. १५० किमी. अंतरावर, मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या काठी अशाच सागरी थरांचा शोध लागल्याचे जाहीर केले. त्यानंतर झारखंडमधील डाल्टनगंज कोळसाक्षेत्रात राजहरा येथे व पश्चिम राजस्थानात बाप व बधौरा या गावांच्या परिसरातही याच सुमाराचे सागरी जीवाश्म मिळाले.

खडकांचा क्रम : या थरांचे वय व उत्पत्ती समजण्यासाठी त्यांच्या खालचे व वरचे खडक पाहणे आवश्यक ठरते. गोंडवनी संघाच्या तळाशी तालचेर माला असते. तिच्या तळाच्या भागात लहानमोठे गोटे व बारीक चिखल यांचे न निवडलेले मिश्रण असलेला गोलाश्म संस्तर असतो. ओरिसातील तालचेर येथील या खडकाचा अभ्यास डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड, एच्. एफ्. ब्लॅनफर्ड व डब्ल्यू. थीओबाल्ड यांनी केला आणि तो बर्फाच्या क्रियेने तयार झाला असावा, असे मत १८५६ मध्ये मांडले. त्या काळी भारत हा गोंडवनभूमी या विशाल दक्षिण खंडाचा भाग होता व दक्षिण ध्रुवाच्या बाजूच्या अक्षांशांत होता. उमरियाचा सागरी थर तालचेर गोलाश्म संस्तराच्या वर व कोळसायुक्त बाराकार मालेच्या वालुकाश्मांच्या खाली आहे. म्हणजे प्रथम हिमानी निक्षेप, नंतर अल्पकाळ सागर व अखेरीस नद्या आणि दलदली, असा घटनाक्रम एकाच ठिकाणी वाचता येतो. [⟶ गोंडवनी संघ].

जीवाश्म : उमरियाच्या थरात ब्रॅकिओपॉडांचे प्राबल्य आहे. हे प्राणी वरवर शिंपल्यासारखे दिसतात. मात्र सामान्य शिंपल्याची दोन पुटे (झडपा) शरीराच्या डाव्या व उजव्या बाजूंस असतात, तर ब्रॅकिओपॉडाची एक वर व एक खाली असते. त्यामुळे बहुतेक शिंपल्यांचे प्रत्येक पुट स्वतंत्रपणे पाहिले असता असममित दिसते, परंतु दोन्ही पुटे सारखी असतात. ब्रॅकिओपॉडांमध्ये नेमके उलट असते : पुटे परस्परांहून वेगळी, पण प्रत्येक पुट मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस सारखे. जीवाश्म हाती घेणाऱ्यास ही साधी कसोटी पुष्कळदा पुरेशी होते.

रीड यांनी वर्णन केलेल्या जातींपैकी प्रॉडक्टस उमरियेन्सिस ही प्रमुख होय. प्रॉडक्टस या व्यापक अर्थाने वापरलेल्या प्रजातीतील प्राण्यांचे एक पुट फुगीर व दुसरे चपटे किंवा आत वळलेले असते. कवचावरील पोकळ काट्यांच्या आधाराने ते मऊ चिखलावर टेकून राहत. स्पिरिफर गटातील जातीही तेथे आहेत. त्यांचे कवच दोन्ही बाजूंस पंखासारखे पसरलेले असून आत मळसूत्राप्रमाणे वळलेला सांगाडा असतो. यांखेरीज प्लूरोटोमॅरिया या शंखधारी प्राण्याचे अवशेष मिळाले आहेत. थरात व्यक्तींची संख्या फार मोठी, परंतु जातींची संख्या थोडी आहे.

मनेंद्रगढ येथे द्विपुट शिंपाधाऱ्यांचे प्राबल्य असून युरिडेस्मा व ॲव्हिक्युलोपेक्टेन या प्रजाती विशेष उल्लेखनीय आहेत. त्यांच्या जोडीला शंखधारी प्राणी, ब्रायोझोआ (शेवाळासारखे दिसणारे वसाहती प्राणी), क्रिनॉयडांच्या (सागरी लिलींच्या) देठांचे तुकडे व फोरॅमिनीफेरांची सूक्ष्म कवचे आढळतात. राजहरा येथे फेनेस्टेला या जाळीदार ब्रायोझोआची नोंद झाली आहे. क्रिनॉयड हे केवळ सागरातच राहणारे प्राणी आहेत. त्यामुळे हे थर गोड्या पाण्याच्या एखाद्या सरोवरात साचले असावेत, ही शंका त्यांच्या देठाच्या एका चकतीनेही दूर होते.

सागराचे स्वरूप : युरिडेस्मा ही प्रजाती या सागराचे तापमान सुचविणारी मानली जाते. तिचे कवच जाड असून चोचीकडील भाग विशेष जड असतो. उथळ, खळबळणाऱ्या पाण्यात तळावर स्थिर राहण्यास असे कवच उपयोगी पडे. सॉल्ट रेंज, काश्मीर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व अर्जेंटिना येथेही ती सापडते आणि बहुतेक ठिकाणी हिमानी निक्षेपांच्या सान्निध्यातच सापडते. यावरून ती थंड पाण्यातील प्रजाती होती, असे अनुमान काढतात. जातींची अल्प संख्या व व्यक्तींची विपुलता हे लक्षणही थंड किंवा कमी खारट अशा प्रतिकूल पाण्याशी जुळते, कारण अशा पाण्यात मोजक्याच जाती तग धरतात, पण स्पर्धेच्या अभावी त्या झपाट्याने वाढतात.

सागर आत येण्याचे कारणही बर्फातच शोधले जाते. हिमस्तरांच्या भाराने खंडाचा कवचभाग खाली दबतो. बर्फ वितळल्यावर सागराची पातळी लवकर वाढते, परंतु दबलेली भूमी सावकाश वर येते. या मधल्या काळात सखल खोऱ्यांत सागराचे पाणी शिरू शकते. भूमी पुन्हा उंचावली व नद्यांनी गाळ आणून टाकला, की सागर मागे हटतो. उमरियाच्या थराची अल्प जाडी व त्यावरील बाराकार वालुकाश्म या स्पष्टीकरणास अनुकूल आहेत.

सागराचा मार्ग : हा सागर कोणत्या दिशेने आला, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो सॉल्ट रेंजकडून राजस्थानमार्गे व पुढे नर्मदेच्या पट्ट्यातून पूर्वेकडे सरकला. बाप–बधौरा येथील थर या मताला आधार देतात. दुसऱ्या मतानुसार तो ईशान्येकडून आला. सिक्कीम व अरुणाचल प्रदेश या राज्यांतील हिमालयाच्या पायथ्याकडील पर्मियन सागरी खडक व मधला राजहरा हा दुवा यांवर हे मत आधारलेले आहे. दोन्ही बाजूंनी स्वतंत्र शाखा आत आल्या असणेही शक्य आहे. उमरियाचे प्राणी सॉल्ट रेंजमधील प्राण्यांहून बरेच वेगळे आहेत, हे रीड यांच्या लक्षात आले होते. पुराव्याची ठिकाणे मोजकीच असल्याने प्रत्येक ठिकाणचा जीवाश्म या वादात निर्णायक ठरू शकतो.

महाराष्ट्रातील स्थिती : पुराजीव महाकल्पातील सागरी थरांची उमरियासारखी ठिकाणे महाराष्ट्रात नाहीत, परंतु त्या सागराआधीच्या हिमकालाचा उत्कृष्ट पुरावा येथे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ तालचेर गोलाश्म संस्तराखालील प्राचीन चुनखडकाचा पृष्ठभाग हिमनदीने घासला जाऊन गुळगुळीत झालेला असून त्यावर समांतर ओरखडे आहेत. एफ्. फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

पश्चिम महाराष्ट्रात दक्षिण ट्रॅपचे बेसाल्टी थर सर्वत्र पसरलेले आहेत. ते सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे, म्हणजे पुराजीव महाकल्प संपल्यावर सु. १८.५ कोटी वर्षांनी तयार झालेले आहेत. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील मोशी किंवा जवळचे चाकण येथील खाणींतून निघणारा काळा दगड हाच होय. तप्त लाव्हारसात जीवांचे अवशेष टिकत नाहीत. अशा खाणींत पोकळ्यांमध्ये दिसणारे पांढरे वा रंगीत, पंख्याच्या किंवा फुलाच्या आकाराचे पुंजके म्हणजे स्टिल्बाइटासारख्या झिओलाइट व तत्सम खनिजांचे स्फटिक असतात. त्यांना पुष्कळदा जीवाश्म समजले जाते. तसेच इंद्रायणी, भीमा इ. नद्यांच्या जुन्या गाळात मिळणारे शंखशिंपले गोड्या पाण्यातील व भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडचे असतात. बेसाल्टाखाली पुराजीव सागरी खडक दडलेले असतील काय, हा प्रश्न साहजिक आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी केलेल्या खोल वेधनात सु. ९३० मी. बेसाल्टाच्या खाली थेट प्राचीन ग्रॅनाइटी व पट्टिताश्मी खडक लागले. त्या ठिकाणी तरी मध्ये सागरी गाळाचा थर नाही. यावरून मध्य भारतातील या थोड्या ठिकाणांचे मोल अधिकच स्पष्ट होते.

महत्त्व व जतन : पर्मियन कल्पाच्या अखेरीस, सु. २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील सर्वांत मोठा जीवविलोप झाला. ट्रायलोबाइट नष्ट झाले, प्रॉडक्टस गटाचा जवळजवळ संपूर्ण अस्त झाला व पुढील सागरांत ब्रॅकिओपॉडांऐवजी द्विपुट शिंपाधाऱ्यांचे वर्चस्व निर्माण झाले. उमरिया व मनेंद्रगढ येथील जीवाश्म या विलोपापूर्वीच्या सागरी जीवनाचे द्वीपकल्पातील दुर्मिळ साक्षीदार आहेत.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मनेंद्रगढ येथील ठिकाण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले असून ते सागरी गोंडवनी जीवाश्म उद्यान या नावाने ओळखले जाते. २०२२ पासून हे ठिकाण मनेंद्रगढ-चिरमिरी-भरतपूर या नव्या जिल्ह्यात मोडते. नदीकाठचे थर पुराने झिजतात व हौसेने जीवाश्म उचलून नेल्यामुळेही त्यांची हानी होते. उचललेला शिंपला कोणत्या थरातून, कोणत्या पातळीवरून व कोणत्या इतर जीवाश्मांच्या संगतीतून आला याची नोंद नसेल, तर सागराची दिशा, खोली वा काल याविषयी त्याच्यापासून काहीही कळू शकत नाही. काही मीटर जाडीचा हा थर एकदा नष्ट झाला, तर त्याची उणीव भरून काढणारा दुसरा थर जवळपास नाही. म्हणूनच जीवाश्म मूळ जागी ठेवून त्यांचे रक्षण करणे, हा या ठिकाणच्या अभ्यासाचाच एक भाग मानला पाहिजे. [⟶ जीवाश्म, पर्मियन].