खिशातला कोश घेताना

भोकरदन-मंठ्याकडून जालन्याला स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येणारी मुलं दुकानात ‘छोटी डिक्शनरी’ मागतात. मुखपृष्ठावरच्या ‘इतके हजार शब्द’ या आकड्याला भुलू नका. स्वतः ज्यांवर अडता ते चार-पाच शब्द तिथंच उघडून बघा. इंग्रजी शब्दाला तीन मराठी प्रतिशब्द असतील, पण कोणता कुठं वापरायचा ते नसेल, तर गोंधळच वाढतो. उच्चार देवनागरीत हवा, टाईप डोळे न ताणता वाचता यावा आणि बांधणी शिवणीची असावी. नुसत्या डिंकावरची पानं महिन्यात सुटतात.

शुद्धलेखनासाठी वेगळी पुस्तिका लागते. अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ याच कामाचं. अशा पुस्तिकेत सामान्यरूप आहे का, ते तपासा: ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व, चुका होतात त्या इथंच. शुद्धलेखनाचे नियम 1962चे, 1972च्या भरीसह हवेत.

आजोबांच्या जमिनीचे कागद वाचायचे असतील, तर मात्र खिशातला कोश पुरणार नाही. 1948पर्यंत जालन्याचा हा मुलूख निजामाचा. दफ्तराची भाषा उर्दू. तिथं उर्दू-मराठी कोश किंवा जाणता माणूसच गाठावा.