बोंबील ऊन सुकवतं की वारा?



सुकवणीचा हंगाम आला की सोसायटीच्या ऑफिसात एक तक्रार हमखास येते. "ऊन कडक होतं, बोंबील सुकले होते, तरी पोत्यात बुरशी कशी आली?" व्यापारी असा माल परत करतो, नाहीतर पडत्या भावाने उचलतो. नुकसान आपलंच.

ताज्या बोंबलात दहा भागांतले जवळपास नऊ भाग पाणी असतं. १० किलो बोंबील नीट सुकले तर हातात सव्वा ते दीड किलोच येतात. बुरशीला आणि जंतूंना पाणी लागतं. पाणी गेलं की माल टिकतो.

ऊन पाण्याची वाफ करतं, पण ती माशाभोवतीच रेंगाळली तर पुढचं सुकणं मंदावतं. ती उचलून नेतो वारा. आपल्या जुन्या माणसांनी हे ओळखलं होतं. म्हणून अर्नाळा, वर्सोव्यापासून खंबातच्या आखातापलीकडे जाफराबाद, नवाबंदरपर्यंत बोंबील वलांडीवर टांगतात. बांबू रोवायचे, आडवे दोर बांधायचे, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे. एक दोराच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोघांचं वजन एकमेकांना धरून ठेवतं, सुतळी लागत नाही. पाणी शेपटीकडे निथळतं, वारा चारी बाजूंनी लागतो. वाळूवर पसरला तर खालची बाजू ओली राहते, वर रेती चिकटते ती वेगळीच.

म्हणून एवढं सांभाळूया:

१. वलांडीवर दाटी नको. माशांमधून वारा खेळला पाहिजे.

२. जमिनीवरून येणारा मतलई वारा कोरडा, समुद्राकडचा खारा वारा दमट. डुमस, हजीराकडे दुपारनंतर खारा वारा सुटतो, म्हणून माल सकाळी लवकर टांगा. रात्री दव पडतं आणि सुकलेला मासा ओलावा परत ओढतो. अर्धवट सुकलेला माल रात्री झाका.

३. नुसत्या कडक उन्हाने वरची कातडी आवळते आणि पाणी आत अडकतं. वरून कडक दिसला म्हणून फसू नका. डोक्याजवळ जाड भागात वाकवून बघा. कट्कन मोडला तर सुकला, रबरासारखा वळला तर अजून ओला.

४. उन्हातून काढलेला गरम माल लगेच प्लास्टिकमध्ये भरू नका. गरम भाताच्या डब्याच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसेच पिशवीतही धरतात, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आधी सावलीत पूर्ण गार होऊ द्या.

आपल्या मावश्या-काकू हे सगळं हाताला लागताच ओळखतात. नव्या मुलांनी त्यांच्याजवळ बसून शिकावं.

बोंबील एक दिवस जास्त टांगला तर फारसं बिघडत नाही. ओला पोत्यात गेला तर अख्खं पोतं जातं. शंका वाटली तर पोतं शिवण्याआधी चार बोंबील ऑफिसात आणून दाखवा, आपण मिळून बघू.