पिवळे पान : उपासमार की विषबाधा?

काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत उसाच्या खोडव्याची कोवळी पाने पुष्कळदा पिवळी व पुढे पांढुरकी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी यास केवडा म्हणतात. अशा शेतास शहराच्या सांडपाण्याचा ओढा लागून असेल व त्याचेच पाणी पिकास दिले जात असेल, तर जमिनीत शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचे विष भिनले असावे, अशी शंका येणे स्वाभाविक होय. ती अनाठायी असतेच असे नाही. परंतु नुसते पान पाहून तिचा निवाडा करणे धोक्याचे आहे. कारण एका व्याधीवरील उपाय दुसरीस अपायकारक ठरू शकतो.

केवडा हा बहुधा लोहाच्या उपासमारीचा परिणाम असतो. जमिनीत लोह नसते असे नव्हे. ते विपुल असते. परंतु सामू 8 च्या वर गेला व चुनखडी अधिक असली म्हणजे लोह विरघळत नाही आणि मुळांना ते घेता येत नाही. पाणी साचून राहिल्यास हा दोष बळावतो. परीक्षा सोपी आहे. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवून दोन-चार सऱ्यांवर फवारावा. हिराकस हिरवट असावा; तांबूस झालेला निरुपयोगी होय. आठवड्या-दीड आठवड्यात पाने हिरवी होऊ लागली, तर लोहाची उणीव होती असे समजावे. मात्र ती कशामुळे आली, हे यावरून कळत नाही. तांबे अथवा जस्त फाजील झाल्यानेही लोहाचे शोषण अडते. द्राक्षबागेत वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारले असता त्यातील मोरचुदाचे तांबे जमिनीत साठत जाते, हे या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

कॅडमियमची गोष्ट निराळी आहे. माणसास बाधेल इतके कॅडमियम पानात साठले, तरी पीक वरून हिरवेगार दिसू शकते. जपानमधील तोयामा प्रांतात खाणीतील कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत उतरले. तेथील भात व पाणी यांच्या सेवनाने लोकांची मूत्रपिंडे बिघडली व हाडे ठिसूळ झाली. 1968 साली जपान सरकारने या रोगाचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. धातू कुजत नाही व विरूनही जात नाही. त्या खाचरांची माती बदलण्याचे काम तीस वर्षांहून अधिक काळ चालले.

येथे एक विलक्षण योग आहे. जी चुनखडी लोह अडवून पिकास उपाशी ठेवते, तीच कॅडमियमलाही बऱ्याच अंशी जखडून ठेवते. म्हणून केवडा घालविण्यासाठी गंधक देऊन सामू उतरविण्याचा उपाय सांडपाण्याच्या जमिनीत तपासणीवाचून करू नये. जखडलेला धातू मोकळा होण्याचा संभव असतो. तेथे फवारणीच बरी. शेणखत व कंपोस्ट दोन्ही प्रसंगी हितावह आहे; मात्र शहराच्या न निवडलेल्या कचऱ्याचे कंपोस्ट घेऊ नये.

2015 साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत लोह, जस्त, तांबे यांसह 12 बाबी असतात. शिसे व कॅडमियम त्यांत नाहीत. त्यांची तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. पत्रिका चांगली आली म्हणजे जमीन निर्विष ठरली, असा समज गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी होऊ देऊ नये.

नमुना घेताना जस्ताचा मुलामा दिलेली बादली व गंजलेले फावडे वापरू नये. लाकडी अथवा प्लॅस्टिकचे साधन घ्यावे. नागमोडी वळणाने 10 ते 15 ठिकाणची 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती मिसळून अर्धा किलो ठेवावी व सावलीत सुकवावी. वर्तमानपत्रावर वा खताच्या पोत्यावर ती पसरू नये. शेजारच्या विहिरीवर भिजणाऱ्या निरोगी शेताचा नमुना तसेच ओढ्याचे पाणीही स्वतंत्रपणे पाठवावे. तुलनेवाचून आकड्यांचा अर्थ लागत नाही. पाण्यात कॅडमियम लिटरला 0.01 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते ओलितास वर्ज्य समजावे.

अहवाल येईपर्यंत अशा जमिनीत पालक, मेथी, कोथिंबीर लावू नये. पालेभाज्या धातू अधिक ओढून घेतात. कपाशी किंवा फुलझाडे घ्यावीत. चाऱ्याचे पीकही टाळावे, कारण त्यातून हे धातू जनावरांच्या पोटात जातात.