वर्डची पीपीटी एका क्लिकवर का होत नाही?

‘वर्डची फाइल तयारच आहे, आता प्रोग्रॅम लावून तिची पीपीटी करून टाका, एका क्लिकचं तर काम आहे!’ शाळा-कॉलेजांत, कार्यालयांत, प्रशिक्षण वर्गांत ही मागणी सतत कानावर येते. मग तयार झालेली पीपीटी उघडली की मजकूर स्लाइडच्या खाली ओघळलेला, शीर्षकांचा पत्ता नाही, आणि खापर सॉफ्टवेअरच्या माथी. खरा दोष बहुतेक वेळा मूळ फाइलमध्ये असतो, आणि तो दूर करणं आपल्याच हातात असतं.

गैरसमज : वर्ड आणि पॉवरपॉइंट एकाच कंपनीचे, तेव्हा एकाचं दुसऱ्यात रूपांतर म्हणजे नुसतं फॉरमॅट बदलणं.

वस्तुस्थिती : नातं खरं आहे. वर्डची डॉकएक्स आणि पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स ही दोन्ही ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या एकाच मानकातली रूपं. हे मानक डिसेंबर २००६मध्ये एक्मा-३७६ म्हणून आणि २००८मध्ये आयएसओ/आयईसी २९५०० म्हणून मंजूर झालं. दोन्ही फाइली प्रत्यक्षात झिप, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडं, असतात. विश्वास बसत नसेल तर फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करा आणि उघडून पाहा.

आत मात्र दोन वेगळी जगं आहेत. वर्डच्या फाइलमध्ये मजकूर परिच्छेदामागून परिच्छेद असा सलग असतो. तुम्ही मुद्दाम पान तोडलं नसेल, तर पान कुठे संपतं हे वर्ड त्या वेळी हाताशी असलेला फॉन्ट आणि कागदाचा आकार पाहून ठरवतो. पीपीटीएक्समध्ये प्रत्येक स्लाइडची स्वतंत्र फाइल असते. कोणती चौकट कुठे आणि केवढी, हे त्या स्लाइडमध्ये किंवा तिच्या लेआउटमध्ये आकड्यांत नोंदलेलं असतं. मोजमाप इतकं बारीक, की एका इंचाचे ९,१४,४०० भाग धरले जातात.

म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला सलग मजकूर कुठेतरी तोडावाच लागतो. कुठे तोडायचा, हे त्याला कोण सांगणार? ते सांगायची सोय वर्डमध्ये आहे. तिचं नाव ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली. आणि नेमकी हीच सोय लोक वापरत नाहीत! ओळ निवडायची, ठळक करायची, आकार १६ करायचा, मध्ये आणायची, झालं शीर्षक. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते शीर्षक दिसतं. फाइलमध्ये मात्र तो जाड अक्षरांतला एक साधा परिच्छेद असतो. प्रोग्रॅम फाइलमधली नोंद वाचतो, तुमच्या मनातला हेतू वाचत नाही.

कोणतंही साधन घ्या, नियम हाच. पॉवरपॉइंटमध्ये ‘स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन’ वापरलं तर हेडिंग १चं स्लाइडचं शीर्षक होतं, हेडिंग २चा मुद्दा होतो, आणि त्यांच्याखालचा साधा मजकूर येतच नाही. हेडिंगच नसतील तर मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानांनुसार प्रत्येक परिच्छेद वेगळा धरून स्लाइडी बनतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६मध्ये सुरू केलेलं ‘पॅनडॉक’ डॉकएक्स वाचून थेट पीपीटीएक्स लिहितं. नवी स्लाइड कुठे सुरू करायची हे तेही मुख्यतः हेडिंगच्या पातळीवरून ठरवतं. लिबरऑफिसमध्ये तर लेखी दस्तऐवज थेट पीपीटीएक्स म्हणून साठवताच येत नाही. तिथे मेनूतून ‘आउटलाइन टू प्रेझेंटेशन’ निवडावं लागतं, आणि आउटलाइन म्हणजे पुन्हा हेडिंगच.

‘मग ठळक ओळ दिसली की शीर्षक समजा, एवढं प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही का?’ लिहिता येतं. एकाच माणसाच्या, एकाच पद्धतीच्या फाइलींवर ते चालतंही. दुसऱ्याच्या फाइलमध्ये महत्त्वाचं वाक्य ठळक केलेलं असलं, की त्याची विनाकारण स्लाइड होते.

आणि मजकूर स्लाइडवर मावला की नाही, हे प्रोग्रॅमला कळतं का? पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली ‘पायथन-पीपीटीएक्स’ ही लायब्ररी फाइल लिहिते, स्लाइड पडद्यावर मांडून पाहत नाही. ते काम पुढे पॉवरपॉइंट करतो. पानभर मजकूर दिलात तर तो पानभरच राहणार. तो आटोपशीर करणं हे लेखकाचं काम आहे.

गैरसमज : मराठी मजकूर ही साधनं बिघडवतात.

वस्तुस्थिती : इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. श्री-लिपीच्या किंवा तशाच जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेली फाइल दिसते मराठी, पण तिच्यात साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. टेम्प्लेटचा फॉन्ट लागला की ती उघडी पडतात. असा मजकूर त्या-त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने आधी युनिकोडमध्ये आणायलाच हवा.

दुसरी गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. पीपीटीएक्समध्ये रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. पायथन-पीपीटीएक्समध्ये फॉन्टचं नाव दिलं की फक्त रोमनची नोंद बदलते. देवनागरीसाठी ‘सीएस’ ही नोंद एक्सएमएलमध्ये स्वतः घालावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे ‘मराठीला फॉन्ट लागतच नाही’ अशी तक्रार होते. लागतो, योग्य जागी लिहिला तर.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*नावाचा शेवट डॉकएक्सऐवजी पीपीटीएक्स केला की झालं.* नाही. फाइल कोणत्या प्रकारची आहे याची नोंद झिपच्या आतही असते.

*आधी पीडीएफ केली तर सोपं जातं.* उलट अवघड होतं. साध्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागा असतात, परिच्छेद आणि शीर्षकं नसतात. मराठीत तर अनेकदा जोडाक्षरंही तुटून येतात.

*चांगलं टेम्प्लेट दिलं की पीपीटी चांगली होते.* टेम्प्लेट रंग, फॉन्ट आणि चौकटी देतं; मजकूर कुठे तोडायचा हे सांगत नाही. पॅनडॉकला तर लेआउटची नावंही अपेक्षित तीच लागतात.

*एआय सगळं करून देईल.* मुद्दे निवडून देईल. पण गाळलं काय आणि आकडे तेच राहिले का, हे माणसानेच तपासायला हवं.

पुढच्या वेळी फाइल रूपांतराला देण्यापूर्वी वर्डमध्ये ‘नेव्हिगेशन पेन’ उघडा. डावीकडे तुमची शीर्षकं क्रमाने दिसली, तर मजकूर कुठे तोडायचा हे प्रोग्रॅमला कळेल. तो रकाना रिकामा दिसला, तर आधी हेडिंग लावा. हे शाळेत संगणकाच्या पहिल्याच धड्यात शिकवायला हवं. कारण याच नोंदींवरून अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर शीर्षकावरून शीर्षकावर जाऊ शकतो. पीपीटी हा त्यातला एक फायदा आहे.