लाल ठिपका लावावा की नाही?

आमच्या लहानपणी गोविंदपुऱ्यातल्या पोरांचा खेळ म्हणजे क्रिकेट, फार तर बॅडमिंटन. बंदूक दिसायची ती भेलच्या गेटवरच्या पहारेकऱ्याकडे. आता चित्र बदललं आहे. मोठ्या तलावापलीकडे गोरा गावाजवळ राज्य शूटिंग अकादमी आहे. मार्च २०२३ मध्ये तिथे विश्वचषक झाला. सरबज्योत सिंगने १० मीटर एअर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं आणि आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने एअर रायफलमध्ये कांस्य. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये मनू भाकरची दोन आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं एक अशी तीन ऑलिंपिक पदकं आली. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमांत कुणी ना कुणी विचारतंच, "मुलाला पिस्तूल शिकवायचंय, काय घेऊ?" आणि इंटरनेटवर थोडं फिरून आलेला असेल तर लगेच दुसरा प्रश्न, "त्यावर रेड डॉट बसवू का?"

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी हौसेने रेंजवर जातो. या प्रश्नाचं उत्तर एकाच घरातल्या दोन माणसांसाठी वेगळं असू शकतं. ते कसं, ते सांगतो.

साध्या पिस्तुलावर मागे एक खाच असते, ती रिअर साइट. नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी असते, ती फ्रंट साइट. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्हींचे माथे एका रेषेत आणि समोर काळं टार्गेट, अशा तीन गोष्टी जुळवायच्या. पण डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून बजावतात, फ्रंट साइट ठळक दिसू दे, टार्गेट पुसट दिसलं तरी चालेल.

यामागे शाळेतली भूमिती आहे. दोन्ही साइटमधलं अंतर ३५ सेंटिमीटर धरा. पट्टी खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर सरकतो. दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे दहाचा नेम थेट सातवर जातो. याउलट पिस्तूल न तिरपं होता अख्खा हात १ मिलिमीटर सरकला, तर छर्राही १ मिलिमीटरच सरकतो. हात थोडा हलला तरी निभावतं, पण साइट तिरप्या झाल्या की गुण जातात.

रेड डॉट ही तीन गोष्टींची कसरत दोनवर आणतो. लेझरशी त्याची गल्लत करू नका. लेझर टार्गेटवर प्रकाश टाकतो, रेड डॉट काहीच बाहेर टाकत नाही. आत एक बारीक एलईडी असतो. त्याचा प्रकाश समोरच्या वक्र काचेवर पडतो आणि समांतर किरण होऊन डोळ्याकडे परततो. त्यामुळे ठिपका खूप दूर, जणू टार्गेटवरच असल्यासारखा दिसतो. नजर टार्गेटवर ठेवायची आणि ठिपका तिथे आणायचा. कल्पना जुनी आहे. आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये परावर्तित साइटची कल्पना मांडली आणि स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बॅटरीवर चालणारा रेड डॉट बाजारात आणला.

पहिल्यांदा रेड डॉटमधून पाहणारा बहुतेक जण म्हणतो, "अरे, हा तर नाचतोय!" ठिपका नाचत नाही, आपला हात नाचतो. साध्या साइटमध्ये ते जाणवत नव्हतं, इथे ढळढळीत दिसतं. ठिपका मध्यावर आला रे आला की ट्रिगर खेचायचा मोह होतो आणि नेम बिघडतो. थरथर मान्य करून ट्रिगर सावकाश दाबत राहायचं, हा धडा इथेही सुटत नाही.

आता मुलांबद्दल. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट चालतात. रेड डॉट, दुर्बीण, लेझर सगळं वर्ज्य. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते खाच आणि पट्टी जुळवूनच. तुमच्या मुलीला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय या वाटेने जायचं असेल, तर तिच्या पिस्तुलावर रेड डॉट लावू नका. सुरुवातीचे महिने फ्रंट साइटवर नजर रोखायची सवय लागण्याचे असतात. ते ठिपक्यावर गेले, तर स्पर्धेच्या दिवशी ७५ मिनिटांत ६० नेम कशाच्या बळावर मारायचे?

आई-बाबांचं गणित वेगळं आहे. चाळिशी ओलांडली की जवळचं अंधुक होतं आणि हाताच्या टोकावरची पट्टी पुसट दिसू लागते. पदकाची घाई नसेल, तर रेड डॉटमुळे रविवारची मजा परत येते. तरीही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. हाताच्या अंतरावरचं स्पष्ट दिसेल असा नंबर मिळतो, आणि असा चष्मा स्पर्धेतही चालतो.

घ्यायचा ठरलाच, तर काही गोष्टी पाहून घ्या. एअर पिस्तुलावर बहुधा ११ मिलिमीटरची खाचपट्टी असते, तर बरेच रेड डॉट त्याहून रुंद, पिकॅटिनी पट्टीसाठी बनलेले असतात. आधी मोजा, मग मागवा. ठिपक्याचा आकार एमओएमध्ये सांगतात. १ एमओए म्हणजे १० मीटरवर सुमारे २.९ मिलिमीटर. ६ एमओएचा ठिपका तिथे १७ मिलिमीटरचा होतो, दहाचं वर्तुळ पूर्ण झाकतो. १० मीटरसाठी ३ एमओए किंवा त्याहून लहान बरा. ठिपका फाटलेला किंवा ताऱ्यासारखा दिसला, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. तिथे गोल दिसला, तर दोष काचेचा नाही, डोळ्याचा आहे.

जुळणी करताना एकाच बिंदूवर पाच नेम मारा आणि त्या पाचांच्या झुपक्याचा मध्य पाहून स्क्रू फिरवा. एका छर्ऱ्यावरून निर्णय नको. एक क्लिक १ एमओएचा असेल आणि झुपका २९ मिलिमीटर डावीकडे असेल, तर उजवीकडे दहा क्लिक. शिवाय ठिपका नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर असतो, म्हणून १० मीटरवर जुळवलेली साइट ५ मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर खाली मारते. हे सगळं रेंजवर, प्रशिक्षकांना विचारून आणि पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करूनच करा. गोळीचं पिस्तूल असेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना लागतो, हे वेगळं सांगायला नको.

पैसे टाकण्याआधी एक करा. क्लबच्या पिस्तुलाने साठ नेम साध्या साइटने मारा, पुढच्या रविवारी साठ रेड डॉटने. दोन्ही कार्डं घरी आणून जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवा. मुलीची आणि बाबांची कार्डं वेगवेगळं सांगतील, आणि कुणी काय घ्यायचं ते तिथेच ठरेल.